लहान मोटार, मोठा वेग : कुहीच्या रस्त्यावरचा एक हिशेब

मोटारीची हौस ही केवळ श्रीमंतांची मिरास होती, तो काळ मागें पडला आहे. मध्यम स्थितींतील कुटुंब आज मोटार घेतें तें प्रतिष्ठेसाठीं थोडें आणि सोयीसाठीं फार. परंतु याच वर्गांत असा एक खरेदीदार असतो, कीं ज्याला नुसती सोय पुरत नाहीं. गाडी लहान असावी, किंमत आवांक्यांतली असावी, घरच्या माणसांना तींतून बाजारहाट करतां यावा. आणि इतकें सारें असून ती चालवितांना मनाला उल्हासहि वाटावा, असा त्याचा आग्रह असतो. या आग्रहापोटीं जी मोटार जन्मास आली, तिला चपळ लहान मोटार असें म्हणतां येईल.

या मोटारीची खरी परीक्षा शर्यतीच्या मैदानांत होत नाहीं. ती होते नागपूरच्या आग्नेयेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर असलेल्या कुहीसारख्या तालुक्याच्या गांवीं जाणाऱ्या रस्त्यावर. शहर सुटलें कीं दोहों बाजूंस कापसाचीं, धानाचीं आणि मिरचीचीं शेतें लागतात. मांढळच्या बाजाराकडे माल घेऊन निघालेले ट्रॅक्टर मध्येंच आडवे येतात. वळणावर गुरें निवांत उभीं असतात. तालुक्याच्या एका अंगास उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचें रान आहे, तर दुसऱ्या टोकाशीं आंभोऱ्याला वैनगंगेवर केबलींनीं तोललेला नवा पूल २०२४ सालीं वाहतुकीस खुला झाला आहे. तो पाहण्याच्या निमित्तानें नागपूरचीं कुटुंबें सुटीच्या दिवशीं या बाजूस मोटारी काढतात. अशा रस्त्यावर मोटारीच्या मालकाला एक गोष्ट कळून येते. आपण अधिक पैसे वेगासाठीं मोजले, असें त्याला दुकानांत वाटलेलें असतें. रस्त्यावर मात्र त्याच्या उपयोगी पडतो तो वेगावरचा ताबा. हा फरक कसा आहे, आणि तो न ओळखल्यास काय किंमत द्यावी लागते, हें समजून घेण्याजोगें आहे.

लहान गाडीला चपळ करण्याची कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांत १९२२ सालीं निघालेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी गाडी ‘बेबी ऑस्टिन’ या लाडक्या नांवानें इकडेहि ओळखीची होती. १९५९ सालीं ‘मिनी’ आली. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांनीं तिच्यांत दडलेले गुण हेरले, आणि १९६१ सालीं अधिक जोरकस एंजिनाची ‘मिनी कूपर’ बाजारांत आली. १९६४ सालीं तिनें माँटे कार्लोची प्रसिद्ध शर्यत जिंकली, तेव्हां मोठमोठ्या एंजिनांच्या गाड्या तिच्या मागें राहिल्या होत्या. त्यानंतर १९७६ सालीं जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें ‘गोल्फ जीटीआय’ काढली. सुमारें आठशें किलो वजनाच्या गाडीला ११० अश्वशक्तीचें एंजिन हें तिचें वैशिष्ट्य. या गाड्यांचें सूत्र एकच होतें : वजन कमी, चाकें गाडीच्या चार कोपऱ्यांकडे सारलेलीं, आणि वजनाच्या मानानें एंजिन जोरदार.

महाराष्ट्रांत हें सूत्र पुष्कळ उशिरां आलें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत फियाटच्या गाड्या होत असत. त्याच वंशांतली ‘प्रीमियर पद्मिनी’ दोन पिढ्यांच्या आठवणींत आहे. तिचें एंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचें आणि शक्ति सुमारें ४० अश्वशक्ति. नऊशें किलोंच्या आसपासचें वजन ओढून नेण्यास ती पुरेशी होती, परंतु घाईला मुळींच नव्हे. २००१ सालीं फियाटनें ‘पॅलिओ’ आणली, तींत १.६ लिटरचें १०० अश्वशक्तीचें एंजिन मिळूं लागलें. सचिन तेंडुलकर यांच्या नांवाशीं जोडलेली तिची एक खास आवृत्तीहि निघाली. पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांतून २०१५ सालीं ‘अबार्थ पुंतो’ बाहेर पडली. तिची शक्ति १४५ अश्वशक्ति होती आणि आरंभींची किंमत दहा लाखांच्या किंचित् आंत. तथापि या वर्गांतली जी गाडी सामान्य कुटुंबांत सर्वांत अधिक रुजली, ती त्याच जिल्ह्यांतील चाकण येथें तयार झालेली फोक्सवॅगनची ‘पोलो’ होय.

चाकणच्या कारखान्याचें उद्घाटन २००९ च्या मार्चमध्यें झालें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथें पोलोचें उत्पादन सुरू झालें. २०१० च्या आरंभीं ती विक्रीस आली. याच पिढीच्या पोलोला त्या वर्षीं युरोपांतील ‘वर्षाची मोटार’ आणि जागतिक ‘वर्षाची मोटार’ असे दोन्ही मान मिळाले. भारतांतली पहिली पोलो मात्र तशी शांत स्वभावाची होती. तिच्या १.२ लिटरच्या, तीन नळकांड्यांच्या एंजिनाची शक्ति ७५ अश्वशक्ति होती. गाडीचा बांधा उत्तम, पण एंजिन त्या मानानें दुबळें, अशी तक्रार जाणकार करीत. ही तक्रार दूर झाली ती २०१३ सालीं. त्या वर्षीं ‘पोलो जीटी टीएसआय’ आली. एंजिन पुन्हां १.२ लिटरचेंच, परंतु शक्ति १०५ अश्वशक्ति. किंमत आरंभीं आठ लाखांच्या आसपास होती.

एवढ्याशा एंजिनांत इतकी शक्ति भरण्याचें कारण कांहीं अंशीं सरकारी करांत सांपडतें. २००६ सालापासून आपल्या देशांत चार मीटरांहून कमी लांबीच्या गाडीस करांत मोठी सवलत मिळूं लागली. अट अशी कीं पेट्रोलचें एंजिन १२०० घन सेंटिमीटरांपेक्षां आणि डिझेलचें १५०० घन सेंटिमीटरांपेक्षां मोठें नसावें. पोलोची लांबी ३.९७ मीटर आणि जीटी टीएसआयचें एंजिन ११९७ घन सेंटिमीटरांचें आहे, हा योगायोग नव्हे. एंजिनाचा आकार वाढवितां येत नाहीं, तेव्हां शक्ति वाढविण्याचा दुसरा मार्ग धरावा लागतो. त्या मार्गाचें नांव टर्बो.

टर्बोची रचना समजण्यास कठीण नाहीं. एंजिनांत पेट्रोल जळतें तें हवेच्या साह्यानें. जितकी हवा अधिक, तितकें पेट्रोल अधिक जाळतां येतें. साध्या एंजिनाला स्वतःच्या श्वासानें मिळेल तेवढीच हवा मिळते. टर्बोमध्यें धुराड्यांतून बाहेर जाणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर एक लहानसें पंख्याचें चाक फिरतें. त्याच दांड्यावर दुसरें चाक असतें, तें बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतें. जो वायु एरवीं वायां गेला असता, त्याच्याकडूनच हें काम करून घेतलें जातें. परिणाम असा कीं, या एंजिनाचा १७५ न्यूटन-मीटरांचा पूर्ण पीळ अवघ्या १५०० फेऱ्यांपाशींच हाताशीं येतो आणि ४१०० फेऱ्यांपर्यंत टिकतो. त्याखालीं मात्र एंजिन किंचित् आळसावलेलें वाटतें. पंख्याला गति येण्यास क्षणभर लागतो, आणि मग शक्ति एकदम येते. नवा मालक या क्षणाला दचकतो. सरावलेला मालक तो क्षण आधींच हिशेबांत धरतो.

या शक्तीचा शहाणा उपयोग कोणता, हें कुहीच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरच्या मागें सांपडल्यावर कळतें. समजा, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ताशीं २५ किलोमीटरांनीं चालला आहे आणि समोरून ताशीं ८० च्या वेगानें एखादें वाहन येण्याचा संभव आहे. ट्रॅक्टरच्या मागें दहा मीटर अंतर राखून निघावें, आणि त्याच्या पुढें दहा मीटर गेल्यावर आपल्या बाजूस यावें, असें धरलें तर मोटारीला ट्रॅक्टरपेक्षां सुमारें ३२ मीटर अधिक कापावे लागतात. ७५ अश्वशक्तीच्या गाडीस यासाठीं सुमारें सवासहा सेकंद लागतील, १०५ अश्वशक्तीच्या गाडीस सुमारें साडेचार. फरक पावणेदोन सेकंदांचा. परंतु त्या अवधींत समोरचें वाहनहि जवळ येत असतें. दोहोंचें अंतर एकत्र मांडलें म्हणजे पहिल्या गाडीला साधारण २१५ मीटर मोकळा रस्ता लागतो, तर दुसरीला १६५ मीटर पुरतो. सुमारें पन्नास मीटरांची ही बचत हाच चपळ एंजिनाचा खरा लाभ होय. परक्या बाजूवर घालविलेला काळ जितका थोडा, तितका धोका थोडा. मात्र हा लाभ पदरांत पडतो तो पुढचा रस्ता खरोखर दिसत असेल तरच. वळणावर, चढावर किंवा पुलाच्या तोंडाशीं कितीहि अश्वशक्ति असली तरी न दिसणारें वाहन दिसूं लागत नाहीं. ‘माझी गाडी निघून जाईल’ या भरंवशावर केलेली घाई चपळ गाडीच्याच मालकाच्या हातून अधिक घडते, हें विसरतां येत नाहीं.

पोलोच्या मालकांच्या बोलण्यांत एंजिनाइतकेच दुसरे दोन गुण पुन्हां पुन्हां येतात. एक, दार लावतांना होणारा भरीव आवाज; आणि दुसरा, भरधाव वेगांतहि गाडीनें रस्ता धरून ठेवण्याचा गुण. पहिला ऐकण्यास किरकोळ वाटतो, परंतु त्यांतून सांगाडा घट्ट असल्याची खात्री मनाला होते. दुसऱ्या गुणाचें मूळ त्याच घट्टपणांत आहे. सांगाडा लवचीक असेल तर वळणावर तो किंचित् पिळवटतो, चाकें ठरल्या कोनांत राहत नाहींत, आणि स्टिअरिंग फिरविल्यावर गाडी थोडी उशिरां वळते. सांगाडा ताठ असला म्हणजे स्प्रिंगांना आपलें काम नीट करतां येतें; हाताची आज्ञा चाकांपर्यंत तत्काळ पोंचते, आणि चाकांखालचा रस्ता हाताला कळतो. खडी कोठें सुटी आहे, डांबराची कड कोठें खचली आहे, हें बोटांना समजणें म्हणजेच चालविण्याचा आनंद. मोठ्या व आरामशीर गाडींत ही जाणीव गाद्यांमध्यें विरून जाते.

परंतु हा गुण फुकट मिळत नाहीं. ताठ स्प्रिंगांमुळें खड्ड्याचा धक्का पाठीला अधिक जाणवतो. जीटीच्या टायरची बाजू तशी आखूड. डांबराची तुटकी कड वेगानें चढली तर टायरच्या बाजूस फुगा येतो, आणि असा टायर दुरुस्त होत नाहीं, बदलावाच लागतो. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची सुमारें १६५ मिलिमीटर आहे. चार माणसें आणि सामान भरल्यावर ती आणखी उतरते. गतिरोधकाची शास्त्रोक्त आकृति दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद अशी पसरट ठरविलेली आहे, म्हणजे ताशीं २५ किलोमीटरांनीं तो सुखानें ओलांडतां यावा. खेड्यापाड्यांतले गतिरोधक बहुधा गांवकऱ्यांच्या काळजीनें उभारलेले असतात, तेव्हां ते अरुंद आणि उभे होतात. त्यांवर भरलेली लहान गाडी सरळ न घालतां अतिशय हळू, आणि जागा असल्यास किंचित् तिरकी घालावी, हें शहाणपण मालकाला एक-दोन वेळां पोट घासल्यावर येतें.

नागपूरचा उन्हाळा हा या गाडीचा दुसरा परीक्षक. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां सुमारें दहा टक्के विरळ असते. टर्बोनें दाबलेली हवा आणखी तापते, म्हणून ती एंजिनांत जाण्यापूर्वीं थंड करणारें यंत्र बसविलेलें असतें. तरीहि दुपारच्या रखरखाटांत तीच गाडी पहाटेपेक्षां मंद वाटते. हा भास नसून हवेचा परिणाम आहे. टायरांतील हवेचा दाबहि उन्हांत आणि धांवेमुळें चढतो. म्हणून तो सकाळीं, गाडी गार असतांनाच मोजावा. तापलेल्या टायरांतून हवा काढून टाकण्याची चूक अनेकजण करतात. असा टायर गार झाल्यावर कमी दाबाचा ठरतो, आणि कमी दाबाचा टायरच उन्हांत अधिक वांकून, अधिक तापून फुटण्याची भीति असते.

जीटी टीएसआयच्या गिअरपेटींत सात गिअर आणि दोन क्लच होते. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पांचवा व सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा व सहावा. एक गिअर काम करीत असतांना पुढचा तयार उभा असतो, त्यामुळें बदल डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतो. मोकळ्या रस्त्यावर ही रचना मोठी सुखाची. परंतु हे क्लच तेलांत बुडालेले नसून कोरडे असतात. शहरांतील गर्दींत इंच इंच सरकतांना ते घासत राहतात आणि तापतात. २०१३ सालीं कंपनीनें अनेक देशांतील गाड्यांच्या या गिअरपेटींतलें तेल बदलून देण्याचें ठरविलें होतें, त्यामागें उष्ण हवामानाचाहि विचार होता. गर्दींत गाडी सारखी पुढें-पुढें सरकवीत न ठेवतां, पुढें पुरेशी जागा झाल्यावरच हलवावी, हा साधा नियम पाळणाऱ्यांना ही गिअरपेटी अधिक काळ साथ देते. २०२० सालीं पोलोला १ लिटरचें, तीन नळकांड्यांचें ११० अश्वशक्तीचें टर्बो एंजिन मिळालें, तेव्हां ही गिअरपेटी जाऊन तिच्या जागीं हातानें बदलण्याचे सहा गिअर, किंवा निराळ्या घडणीची स्वयंचलित गिअरपेटी आली.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. गाडी वेग किती लवकर घेते, याची चर्चा सर्वत्र होते. जीटी टीएसआय शून्यापासून ताशीं १०० किलोमीटरांचा वेग दहा सेकंदांच्या आंत गांठते, हें तिच्या मालकाला तोंडपाठ असतें. ती किती अंतरांत थांबते, हें मात्र फार थोड्यांना सांगतां येतें. गतीबरोबर गाडींतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें घालवावी लागते. त्याआधीं, समोरचें संकट पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशीं ६० किलोमीटरांच्या वेगांत या एका सेकंदांत १७ मीटर जातात आणि ब्रेक लावल्यावर २० मीटर, मिळून ३७. ताशीं ८० ला हेंच अंतर सुमारें ५७ मीटर होतें, ताशीं १०० ला ८३, आणि ताशीं १२० ला ११२ मीटर. म्हणजे ६० चा वेग १२० झाला तर थांबण्याचें अंतर दुपटीनें नव्हे, तिपटीनें वाढतें. पाऊस पडून गेलेला असेल, तर ८० चे ५७ मीटर सहज ७५ च्या पुढें जातात.

हे आंकडे रात्रींच्या कुहीच्या रस्त्यावर ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ उघड होतो. समोरून वाहन येत असतां दिवे खालीं करावे लागतात, तेव्हां पुढचा रस्ता सुमारें पन्नास मीटरच नीट दिसतो. ताशीं ८० नें जाणारी गाडी इतक्या अंतरांत थांबूंच शकत नाहीं. मग त्या उजेडाच्या कडेवर मागचा दिवा नसलेली ट्रॉली असो, रस्त्यावर वाळत घातलेलें धान असो, कीं रानांतून निघालेला रोही किंवा रानडुकरांचा कळप असो. चालकाला तें दिसतें तेव्हां वेळ निघून गेलेली असते. अडीच-तीनशें किलोंचा रोही लहान मोटारीच्या तोंडावर आदळला तर त्याचे पाय गाडीच्या नाकाला लागतात आणि धड कांचेवर येतें. चपळ गाडी आंतून शांत आणि स्थिर असल्यामुळें येथें आणखी एक फसगत होते. जुन्या पद्मिनींत ताशीं ८० चा वेग कानाला, हाताला आणि काळजालाहि जाणवत असे. पोलोमध्यें तोच वेग ५० सारखा वाटतो. गाडीचा सद्गुणच चालकाची सावधगिरी झोंपवितो. यावर उपाय एकच : रात्रीं वेगाचा अंदाज मनानें न करतां कांट्यावर पाहावा, आणि दिसणाऱ्या अंतरांत थांबतां येईल इतकाच तो ठेवावा.

ब्रेकांविषयीं एक गोष्ट घरांतील प्रत्येक चालकास ठाऊक असावी. एप्रिल २०१९ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत चाकें जखडूं न देणारी ब्रेकची योजना सक्तीची झाली आहे. जीटी पोलोमध्यें ती त्यापूर्वींच होती. एकाएकीं ब्रेक जोरानें दाबला असतां चाक फिरायचें थांबून घसरूं लागतें, आणि घसरणारें चाक वळविलें तरी वळत नाहीं. ही योजना सेकंदांत अनेक वेळां ब्रेक सोडून पुन्हां धरते, त्यामुळें चाक फिरत राहतें आणि गाडीला दिशा देतां येते. त्या वेळीं पायाखालीं कडकड असा थरकांप जाणवतो. अनेकजण तो बिघाड समजून पाय सैल सोडतात, आणि नेमक्या क्षणीं थांबण्याचें अंतर वाढवून घेतात. पाय पूर्ण दाबून ठेवावा आणि स्टिअरिंगनें अडथळा चुकवावा, हीच योग्य रीत. ती एखाद्या मोकळ्या पटांगणांत, हळू वेगांत, एकदां तरी करून पाहावी.

थांबणें साधलें नाहीं, तर पुढें काय, या प्रश्नाचें उत्तर २०१४ सालीं मिळालें. ग्लोबल एनकॅप या संस्थेनें त्या वर्षाच्या जानेवारींत भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्यांच्या धडकेच्या चांचणीचा निकाल प्रसिद्ध केला. ताशीं ६४ किलोमीटरांनीं गाडीचा पुढचा एक भाग अडथळ्यावर आदळविण्याची ती चांचणी होती. एअरबॅग नसलेल्या साध्या पोलोला मोठ्या माणसांच्या रक्षणाबद्दल एकहि तारा मिळाला नाहीं. विशेष हें कीं तिचा सांगाडा टिकला होता. दारांच्या भरीव आवाजानें जें वचन दिलें होतें, तें त्यानें पाळलें. परंतु सांगाडा थांबला तरी आंतला माणूस थांबत नाहीं. त्याचें डोकें व छाती पुढच्या कठीण भागांवर जाऊन आदळते. त्याच गाडीला पुढच्या दोन एअरबॅगा लावून पुन्हां चांचणी घेतली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. यानंतर कंपनीनें एअरबॅग नसलेली पोलो विकणें बंद केलें. सरकारी नियमानें चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली, आणि शेजारच्या आसनाची त्यानंतर दोन-अडीच वर्षांत. ज्या गुणासाठीं ग्राहक अधिक पैसे मोजण्यास खळखळ करीत, त्याच गुणानें शून्य आणि चार यांतला फरक पडला, हें या चांचणीनें दाखविलें. मात्र एअरबॅगचें काम पट्ट्याच्या जोडीनें होतें. पट्टा न बांधलेला माणूस फुगणाऱ्या पिशवीवर वेडावांकडा जाऊन पडतो, आणि मागें पट्ट्याविना बसलेला माणूस पुढच्या आसनावर येऊन आदळतो. कुहीपर्यंतचें अंतर थोडें आहे म्हणून मागच्यांनीं पट्टा न लावणें, ही सवय मोडण्याजोगी आहे.

कुटुंबाच्या दृष्टीनें पाहतां या गाडीचीं उणीं झांकण्याचें कारण नाहीं. मागच्या आसनावर उंच माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकतात. तिघांनीं बसणें तर तडजोडीचें. सुटे भाग महाग, आणि त्या गाडीची नस ओळखणारा कारागीर तालुक्याच्या गांवीं सहसा मिळत नाहीं. त्यासाठीं नागपूर गांठावें लागतें. जोरानें चालविली तर टर्बोचें एंजिन पेट्रोलहि तितक्याच उदारपणें पितें. आणि जोर म्हणजे किती जोर, यालाहि सीमा असावी लागते. २०१६ सालीं १९२ अश्वशक्तीची ‘पोलो जीटीआय’ भारतांत आली; तिच्या अवघ्या ९९ गाड्या विक्रीस होत्या आणि किंमत २५ लाखांच्या वर. ती हौशी संग्राहकांची गाडी ठरली. सामान्य घराला मानवली ती १०५-११० अश्वशक्तीचीच पोलो.

पुढें ग्राहकांची आवड उंच, मोठ्या दिसणाऱ्या गाड्यांकडे वळली आणि २०२२ सालीं पोलोचें भारतांतलें उत्पादन थांबलें. बारा वर्षांच्या या कारकीर्दीची अखेर ‘लीजेंड’ नांवाच्या एका मर्यादित आवृत्तीनें झाली. नवी मिळत नाहीं म्हणून जुनी पोलो जीटी शोधणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांनीं कांहीं गोष्टी अवश्य पाहाव्यात. गाडी गर्दींत, चढावर, हळू वेगांत चालवून गिअर बदलतांना धक्का किंवा थरथर लागते काय, तें अजमावावें. तेल वेळच्या वेळीं बदलल्याच्या नोंदी मागाव्यात. टायरच्या बाजूवरील चार आंकडे वाचावेत. पहिले दोन वर्षांतला आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर कडक झालेला असतो, आणि वर सांगितलेलें थांबण्याचें सारें गणित टायरच्या त्या तळहाताएवढ्या स्पर्शावरच उभें आहे.

अशी मोटार घरांत आली म्हणजे तिची किल्ली पुष्कळदां घरांतल्या तरुणाच्या हातीं जाते. ती कितीच्या वेगानें पळते, हें त्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. ती ८० वरून किती मीटरांत थांबते, दिव्यांचा उजेड कोठवर पोंचतो, आणि ट्रॅक्टरला ओलांडण्यास किती रस्ता मोकळा लागतो, हे तीन आंकडे मात्र वडीलधाऱ्यांनीं त्याच्यासमवेत बसून एकदां मांडून पाहावेत. हे आंकडे ठाऊक असलेल्या चालकाला कुहीचा रस्ता, त्यावरचीं वळणें आणि पलीकडची वैनगंगा यांचा आनंद ताशीं ६० किलोमीटरांतहि पुरेपूर मिळतो. कारण चांगल्या लहान मोटारीचा आज्ञाधारकपणा त्या वेगांतहि हाताला तितकाच जाणवतो.